जुनी आफ्टरशेव्ह आणि कोलन: थ्रिफ्ट स्टोअरमधली शिकार

मिरजमार्गे

अमेरिकेत गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात कपडे, पुस्तकं, फार तर पायरेक्सची भांडी बघून तुम्ही बाहेर पडत असाल, तर काउंटरमागचं काचेचं कपाट आणि झिपलॉक पिशव्यांचा खोका राहून जातो. त्या पिशव्यांत अर्धवट डिओ आणि हॉटेलातल्या शांपूच्या बाटल्यांच्या गर्दीत मधूनच एखादी दुधी काचेची ओल्ड स्पाइस सापडते. वर राखाडी बूच, अंगावर निळं जहाज. दोन-तीन डॉलरला अख्खी पिशवी.

मी ओहायोत राहतो. इकडे हा माल इतका का मिळतो, त्याचं कारण साधं आहे. फादर्स डे आणि नाताळ आला की बापाला काय द्यायचं, हा प्रश्न इथेही कुणाला सुटलेला नाही. मग आफ्टरशेव्हचा खोका. बाप तो दोनदा लावतो, आरशामागच्या कपाटात ठेवतो, पुढच्या वर्षी दुसरा येतो. म्हातारा गेला किंवा वृद्धाश्रमात गेला की मुलं घर रिकामं करतात आणि हे सगळं एका खोक्यात दुकानात पोचतं. म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची बाटली गळ्यापर्यंत भरलेली मिळू शकते. इस्टेट सेलला (घरातलं सगळं सामान घरातच विकायला काढतात तो) तर अशा बाटल्या अजून बाथरूममध्येच असतात, फक्त किमतीची चिठ्ठी डकवलेली.

आता काय घ्यावं. माझं मत पक्कं आहे: मोठ्या फॅशन घराण्यांच्या मागे लागू नका, औषधाच्या दुकानात मिळणारा स्वस्त माल घ्या. जुना कूरोस किंवा हिरव्या बाटलीतला पोलो आता दुकानवाल्यांनाही कळतो, ते फोनवर भाव बघूनच चिठ्ठी लावतात. ओल्ड स्पाइस, इंग्लिश लेदर, ब्रूट, अक्वा वेल्वा यांना मात्र कुणी विचारत नाही. आणि जुन्या-नव्याचा फरक यांच्यातच जास्त जाणवतो, कारण पुढे खर्च कापला गेला तो यांचाच.

ओल्ड स्पाइसचंच घ्या. विल्यम लाइटफूट शुल्ट्झच्या शुल्टन कंपनीने १९३७ मध्ये आधी बायकांसाठी काढलं, पुरुषांचं १९३८ मध्ये आलं. सुरुवातीच्या बाटल्या चक्क मातीच्या, इथल्याच क्रुक्सव्हिल गावच्या हल पॉटरीत भाजलेल्या. नंतर दुधी काच आली. १९९० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने ब्रँड घेतला आणि २००८ मध्ये अमेरिकेत काच जाऊन प्लास्टिक आलं, राखाडी बूच जाऊन लाल आलं. त्यामुळे लांबूनच कळतं: लाल बूच दिसलं की हात आखडता घ्या. लेबलवर 'शुल्टन' आणि न्यू जर्सीतल्या क्लिफ्टनचा पत्ता दिसला की मुकाट्याने पैसे द्या. आत लवंग, दालचिनी, कार्नेशन आणि खाली व्हॅनिलाची पूड सांडल्यासारखा तळ. नव्यात तळ राहिला, मसाला बोथट झाला.

बाकी मंडळींनी आपापल्या शिकारी सांगाव्यात.

सोवळेकर

माफ करा, पण मेलेल्या माणसाचं आफ्टरशेव्ह गालाला लावायचं? आमच्या घरात दुसऱ्याचा पंचा वापरला तरी आई अंघोळीला पाठवायची.

मिरजमार्गे

@सोवळेकर, आत निम्म्याहून जास्त अल्कोहोल असतं, जंतू तिथे संसार थाटत नाहीत. आणि पितळेचं जुनं तपेलं घेताना विचारता का, कोणाच्या घरचं?

सोवळेकर

तपेलं चिंचेने घासता येतं.

लीड्सकर

धागा उघडल्याबद्दल धन्यवाद, बरेच दिवस मनात होतं. इकडे इंग्लंडात हेच सगळं चॅरिटी शॉप आणि रविवारच्या कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुना माल विकतात तो बाजार) चालतं. कार बूट सेलला पहाटे गेलात तर माल, दहानंतर गेलात तर फक्त मुलांची खेळणी आणि डीव्हीडी.

इथला राजा ब्रूट. १९६४ मध्ये फाबर्जे कंपनीने काढलं तेव्हा ते महागातलं होतं: हिरवी काच, बाटलीच्या गळ्यात साखळी आणि चंदेरी पदक. पुढे ब्रूट ३३ ही पातळ, स्वस्त आवृत्ती आली, प्लास्टिकच्या बाटलीत. हेन्री कूपर हा मुष्टियोद्धा टीव्हीवर सांगायचा, अंगभर शिंपडा. लोकांनी इतकं मनावर घेतलं की त्या पिढीचं नाव काढलं की अजून नाकात ब्रूट येतो. १९८९ मध्ये फाबर्जे युनिलिव्हरकडे गेली. तेव्हा साखळीवाली काचेची बाटली आणि लेबलवर फाबर्जे, हे दोन्ही एकत्र दिसलं तर सोडू नका.

दुसरं म्हणजे हाय कराटे. फायझर कंपनीच्या लीमिंग विभागाने १९६७ च्या सुमारास आणलं. होय, तीच औषधवाली फायझर. खोक्यात स्वसंरक्षणाच्या सूचनांचा कागद असायचा, कारण हे लावलं की बायका अंगावर धावून येतील असा जाहिरातीचा दावा. वास म्हणाल तर लिंबू आणि साबण. कागदासकट खोका मिळाला तर मौज, नुसत्या बाटलीसाठी पौंड मोजू नका.

मांडवीकाठ

गोंयच्यान नमस्कार. ओल्ड स्पाइसचा विषय निघाला आणि गोव्याचं नाव नाही हे बरोबर नव्हे. भारतातलं ओल्ड स्पाइस कित्येक वर्षं गोव्यात बनायचं. जुन्या खोक्यांवर कोल्फॅक्स आणि मेनेझिस ही कंपन्यांची नावं वाचा. अमेरिकेत प्लास्टिक आलं तरी आपल्याकडे पुढेही कितीतरी वर्षं पांढरी काचेची बाटली चालू होती. वस्तरा-ब्रशवाले परदेशी शौकीन त्यासाठी इथून पार्सलं मागवत.

आमच्या घरात त्याच्याही आधीचा माल होता, कारण काका तारवटी. जहाजावरून आला की ट्रंकेत चॉकलेटं, सिगारेटींची कार्टनं आणि दोन-तीन आफ्टरशेव्ह हे ठरलेलं. पण ती लावायला कुणाला मिळायची? ती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, बाहुल्यांच्या शेजारी. फेस्ताच्या सकाळी काका स्वतः बूच काढायचा आणि रांगेत उभ्या सगळ्या पोरांच्या मानेला एकेक बोट. आता अशी कपाटं रिकामी होतायत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या बाटल्या विकणारे बसतात. बहुतेक रिकाम्या असतात, पण हलवून बघा.

गंधवेडी

दूरदर्शनवरची जाहिरात आठवते का कुणाला? लाटेवर स्वार झालेला तो गोरा माणूस आणि मागे कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराचा धडाडता कोरस. आमच्या चाळीत जाहिरात लागली की जिन्यावरची पोरं हात पसरून लाटेवर उभी राहायची. बाबा मात्र तुरटीवाले. दाढी झाली की ओल्या तुरटीचा खडा फिरवायचा, संपलं.

अवांतर: कोलन म्हटलं की मला ताप आठवतो. आमच्याकडे कोलन वॉटर अंगाला लावायला नव्हतंच, कपाळावरच्या घड्यांसाठी होतं. चांगल्या कोलनचा वास आला की अजून डोकं जड वाटतं.

शनिवारचा फेरा

पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार-रविवार) ताडपत्रीवर मला दोनदा डेनिम आफ्टरशेव्ह दिसलं आहे. ओल्ड स्पाइस दिसतं, पण बाटल्यांत काय भरलंय ते देव जाणे. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटला एका दुकानात शोकेसमध्ये सुंदर बाटल्या होत्या, भाव ऐकून आलो परत. (शुक्रवारी ती दुकानं बंद असतात, नवख्यांनी ध्यानात ठेवा.)

प्रश्न: बाटली किती जुनी हे ओळखायचं कसं? विक्रेता तर सगळ्यालाच ब्रिटिशकालीन म्हणतो.

मिरजमार्गे

@शनिवारचा फेरा, हा प्रश्न येईलच वाटलं होतं. विक्रेत्याकडे दुर्लक्ष करा आणि लेबल वाचा.

पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) असेल तर बाटली १९६३ नंतरची. त्याआधी तो नव्हताच. बारकोड असेल तर १९७४ च्या आधीची असूच शकत नाही. (पहिला बारकोड दुकानात वाचला गेला तो आमच्या ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटात, च्युइंगमच्या पाकिटावर. इथले लोक हे कुणालाही, न विचारता सांगतात.) घटकांची यादी अमेरिकेत १९७७ च्या सुमारास सक्तीची झाली, म्हणजे खोक्यावर यादीच नसेल तर बहुधा त्याआधीचा माल. बहुधा म्हणतोय, कारण यादी खोक्यावर असते आणि खोका हरवतो.

आता उलटी बाजू. यादीत लिमोनीन, लिनालूल, कूमरिन अशी सुगंधी घटकांची नावं एकेक करून दिली असतील, किंवा उघड्या बरणीचं चित्र आणि आत १२एम, ३६एम असं (उघडल्यावर किती महिने वापरायचं ते) असेल, तर तो २००५ नंतरच्या युरोपीय नियमांतला माल. विक्रेता त्याला सत्तरच्या दशकातला म्हणत असेल तर हसून पुढे चला.

बाटली उजेडासमोर धरून पातळी बघा. स्प्रेवाली बंदिस्त असते, तिच्यात हवा कमी शिरते. शिंपडायच्या बाटलीचं बूच सैल असेल तर अल्कोहोल उडून जातं आणि तळाशी काकवीसारखं काहीतरी उरतं. रंग गडद झाला म्हणून मात्र टाकून देऊ नका. व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) असलेला माल तपकिरी होतोच, त्याने वास बिघडतो असं नाही.

आणि हुंगताना घाई करू नका. पहिल्या झटक्यात नेलपॉलिश किंवा शिळ्या तेलाचा भपका येतो. वरचा लिंबाचा, संत्र्याचा थर सगळ्यात आधी मरतो, कारण लिमोनीन हवेत खराब होतं. कागदाच्या पट्टीवर लावा, खिशात टाका, बाकीचं दुकान फिरून या. दहा-पंधरा मिनिटांनी खालचे थर वर येतात: लव्हेंडर, ओकमॉस, कस्तुरी, चामडं. तेव्हाही शिळंच वाटलं तर ठेवून द्या.

गंधवेडी

ओकमॉसबद्दल थोडं. झाडाच्या खोडावर वाढणारं दगडफुलासारखं शैवाक आहे ते. ओलसर जंगल, शाई, जुनी लाकडी पेटी असा काहीसा वास. १८८० च्या दशकातल्या उबिगाँ या फ्रेंच कंपनीच्या फूजेर रॉयालपासून पुरुषी सुगंधांचा ठरलेला साचा म्हणजे लव्हेंडर, कूमरिन आणि ओकमॉस; या साच्यालाच फूजेर म्हणतात. पण त्यातल्या अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल या दोन घटकांची अनेकांना अ‍ॅलर्जी होते, म्हणून आधी सुगंध उद्योगाने प्रमाण कमी केलं आणि मग युरोपीय संघाने २०१७ चा नियम काढून दोन्ही हद्दपार केले. २०२१ पासून दुकानात तसा माल ठेवताच येत नाही. नवे फूजेर सुटसुटीत, धुतल्यासारखे वाटतात त्याचं हे एक कारण. जुन्या बाटलीत तो काळोख अजून आहे, आणि माझ्यापुरता सगळा खटाटोप त्यासाठीच. बायकांनी पुरुषांचं आफ्टरशेव्ह लावू नये असं कुणी म्हणणार असेल तर त्यासाठी वेगळा धागा काढा.

निवृत्त त्वचावैद्य

रसभंग करतो, पण सांगणं भाग आहे. तुम्ही ज्याला काळोख म्हणता त्यात मस्क अ‍ॅम्ब्रेट नावाची एक कृत्रिम कस्तुरीही असू शकते. त्या काळच्या बऱ्याच पुरुषी आफ्टरशेव्हमध्ये ती असायची, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्वचारोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं की काही पुरुषांच्या चेहऱ्यावर, मानेवर, म्हणजे नेमकं जिथे आफ्टरशेव्ह लागतं आणि ऊन पडतं तिथे, खाज सुटणारा लाल चट्टा उठतोय. आफ्टरशेव्ह आणि ऊन दोन्ही एकत्र आले तरच. यातल्या काहींची त्वचा पुढे आफ्टरशेव्ह बंद करूनही उन्हाला भडकत राहिली, आणि असे रुग्ण वर्षानुवर्षं उपचार घेत राहतात. उद्योगाने १९८० च्या दशकात त्याचा वापर थांबवला, युरोपीय संघाने १९९५ मध्ये बंदी घातली.

म्हणजे १९८५ च्या आधीची बाटली असेल तर गालाला लावू नका. दाढी केल्यावर कातडी सोललेली असते, तिथून सगळं आत जातं. रुमालावर घ्या, कोटाच्या अस्तरावर घ्या. हवेने खराब झालेलं लिमोनीनसुद्धा ताज्यापेक्षा जास्त अ‍ॅलर्जी करतं. आणि हातावर थोडं लावून चोवीस तास बघितलं, काही झालं नाही, याचा या प्रकारात उपयोग नाही. चट्टा उठायला ऊन लागतं.

सोवळेकर

मी आधीच म्हटलं होतं, पंचासुद्धा नको.

लीड्सकर

डॉक्टर, हे माहीत नव्हतं. इकडे ऊन पडतच नाही हा बचाव चालेल का?

निवृत्त त्वचावैद्य

नाही. ढगाळ दिवशीही अतिनील किरण पोचतात.

हौशी न्हावी

वाचनखूण साठवली. पण एव्हन या प्रसाधनांच्या कंपनीबद्दल कुणीच बोललं नाही? टेक्सासात प्रत्येक दुकानात एव्हनच्या मोटारीच्या आकाराच्या बाटल्यांची रांग असते. सासऱ्यांनी आग्रहाने तीन दिल्यात, मोठ्या किमतीला जातील म्हणून जपून ठेव म्हणाले.

मिरजमार्गे

सासऱ्यांना सांगू नका, पण जाणार नाहीत. एव्हनने साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकात मोटारी, पिस्तुलं, बूट, बुद्धिबळाची प्यादी, जे दिसेल त्या आकाराच्या बाटल्या काढल्या, आणि त्या गोळा करण्यासाठीच विकल्या. जी वस्तू सगळे जपून ठेवतात ती कधी दुर्मीळ होत नाही. आज घराघरांतून त्या खोक्यांसकट बाहेर पडतायत आणि घ्यायला कोणी नाही. मोटारीच्या बाटलीत मुख्य अडचण झाकणाची. रंगवलेलं प्लास्टिक वाळून तडकतं आणि आतला माल उडून जातो.

तरी आतला वास घेऊन बघा. वाइल्ड कंट्री (१९६७) हा पावडरी, न्हाव्याच्या दुकानातला साधा वास, आणि तो पुष्कळदा चांगला टिकलेला असतो. बुद्धिबळाचा पूर्ण संच, बत्तीसच्या बत्तीस, मिळाला तर मी स्वतः येऊन बघेन.

त्यापेक्षा इंग्लिश लेदर शोधा. एम.ई.एम. कंपनीचं, १९४९ पासूनचं. चौकोनी बाटली, वर लाकडी झाकण, कधी कधी अख्खी पेटीच लाकडाची. झाकणाचं लाकूड हुंगा, बाटली न उघडताच आतल्याची खबर मिळते. मोसंबीची साल आणि खोगिराचं चामडं. झाकण फिरवताना लाकूड पकडून पिळू नका, आतली प्लास्टिकची आटी सुटते आणि लाकूड हातात येतं. बाटलीचा गळा कोमट पाण्याखाली धरा, मग हळू फिरवा.

मांडवीकाठ

एक व्यवहाराचा प्रश्न. इथून-तिथून पाठवायचं कसं? भाच्याला अमेरिकेत काचेची ओल्ड स्पाइस पाहिजे आणि मला त्याच्याकडून क्लिफ्टनवाली.

मिरजमार्गे

पोस्टाने नाही. अल्कोहोल असलेला सुगंध ज्वालाग्राही धरतात. अमेरिकन टपाल खातं देशाबाहेर तो नेतच नाही, देशातसुद्धा फक्त रस्त्याने, विमानाने नाही. सामानातून न्यायचं तर चेक-इन बॅगेत एक बाटली अर्ध्या लिटरपर्यंत आणि सगळी प्रसाधनं मिळून माणशी दोन लिटर. हातातल्या पिशवीत १०० मिलीचा नियम आहेच. ओल्ड स्पाइसचं बूच नुसतं दाबून बसवलेलं असतं, विमानात ते उडतं. वर चिकटपट्टीचे चार वेढे, मग प्लास्टिकची पिशवी, मग मोजा. भाचा भारतात येईल तेव्हा मोजे जास्त आणायला सांगा.

शनिवारचा फेरा

आज बाजारात गेलो होतो. पांढरी काच, जहाज, राखाडी बूच, शुल्टनचं नाव. तीनशे म्हणाला. थोडं बशीत ओतून बघितलं तर आतलं पाणी पांढरट, ताकाच्या निवळीसारखं. वास ओल्ड स्पाइसचाच, पण फिका. घेऊ का?

लीड्सकर

थंडीत गढूळ होतं कधी कधी. खोलीत ठेवून बघितलं का?

शनिवारचा फेरा

पुण्यात मे महिना चालू आहे.

मिरजमार्गे

मग पाणी घातलंय. अल्कोहोलात विरघळलेली तेलं पाणी वाढलं की बाहेर पडतात, म्हणून पांढरं दिसतं. कुणीतरी रिकाम्या बाटलीच्या तळाशी उरलेलं वाढवलंय. तीनशे देऊ नका. पन्नासला नुसती बाटली मागा, आणि बूच मूळचंच आहे ना तेवढं बघून घ्या. इकडे बुचाशिवायच्या बाटल्या पडून आहेत माझ्याकडे.